कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका विद्यार्थ्याच्या निवडीची कथा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकमंडळींची ये-जा सुरू होते. ठाण्यातील पालक पायी येतात, कल्याण-डोंबिवलीकडील आगगाडीने येतात. परंतु प्रश्न बहुतेक सर्वांचा एकच असतो. मुलाने पुढील दोन वर्षांत कोणते विषय घ्यावेत? पूर्वी ह्या प्रश्नाची उत्तरे मोजकीच असत. ज्यास गणित येई त्याने शास्त्रशाखेकडे जावे, ज्यास हिशेब येई त्याने वाणिज्याकडे, आणि उरलेल्यांनी कलाशाखेकडे, असा एक सरळ रस्ता होता. आता विषयांची यादी लांबली आहे, आणि यादीबरोबर घरोघरची काळजीही वाढली आहे.

यंदा अशीच दोन घरे आमच्याकडे आली. डोंबिवलीच्या एका मुलास वस्तुरचना, म्हणजे प्रॉडक्ट डिझाईन, शिकावयाची होती. त्याचे वडील तेथील औद्योगिक वसाहतीत काम करतात. कारखान्यात वस्तू तयार होतात हे त्यांस चांगले ठाऊक. पण त्या वस्तूचा आकार, तिची मूठ, तिचे वजन ठरविणे हाही अभ्यासाचा विषय असू शकतो, हे त्यांच्या गळी उतरेना. दुसरी, कल्याणची एक मुलगी. तिला गुन्हेगारीशास्त्राची ओढ. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आलेला ठाण्याचा किल्ला आज कारागृह म्हणून वापरात आहे, हे आपण सर्वच जाणतो. त्या भिंतींच्या आत माणसे कशी गेली आणि बाहेर आल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न ह्या मुलीस पडला होता. तिच्या आईस मात्र एकच भीती : चोर-दरोडेखोरांचा अभ्यास करून मुलीचे भले ते काय होणार?

आम्ही त्यांस उपदेश करण्याचे टाळले. मात्र एका थोर पुरुषाचे चरित्र त्यांस सांगितले. ह्या पुरुषाच्या आयुष्यात वस्तुरचनाही होती आणि गुन्हेगार मानलेल्या माणसांशी पडलेली गाठही होती. शिवाय विद्यार्थिदशेत निवडलेला अभ्यासक्रम मध्येच सोडण्याचा दुर्धर प्रसंगही त्यांच्यावर आला होता. तेच चरित्र येथे सर्व वाचकांसाठी लिहीत आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. घरात विद्येस मान होता, परंतु ती विद्या पोथीची. लक्ष्मणरावांचे मन पोथीत रमत नसे आणि शाळेच्या पुस्तकातही रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे ह्या दोन गोष्टींत मात्र ते तहानभूक विसरत. अशा मुलास आपल्या समाजात जे नाव मिळते ते त्यांसही मिळाले असेल, ह्यात शंका नाही. अभ्यासात लक्ष नसलेला मुलगा असे म्हणणे सोपे असते. त्याचे लक्ष कोठे आहे हे पाहण्याचे श्रम फार थोडे घेतात.

लक्ष्मणरावांच्या सुदैवाने ते श्रम घेणारे एक माणूस घरातच होते. ते म्हणजे त्यांचे वडील बंधू रामूअण्णा. वडिलांचा विरोध असताना धाकट्या भावाने मुंबईस जाऊन चित्रकला शिकावी ह्यासाठी रामूअण्णांनी त्यास आधार दिला, आणि १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेली ही शाळा तेव्हाही नावारूपास आली होती. कानडी मुलखाच्या कडेवरील खेड्यातून आलेल्या मुलास तेथे प्रवेश मिळणे ही केवढी भाग्याची गोष्ट! आता पुढील मार्ग निश्चित झाला, असे त्यांस आणि रामूअण्णांस वाटले असल्यास नवल नाही.

परंतु सुमारे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांस काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नव्हते. ह्या दोषास रंगांधत्व म्हणतात. दृष्टी एरवी उत्तम असते, परंतु तांबडा आणि हिरवा असे काही रंग पाहणाऱ्यास सारखेच भासतात. अणुसिद्धान्तामुळे प्रसिद्धी पावलेले इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन डाल्टन ह्यांस हाच दोष होता, आणि १७९४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दृष्टीचे वर्णन करून ह्या विषयाच्या अभ्यासास आरंभ करून दिला. हा दोष बहुधा जन्मतःच असतो. त्यावर परिश्रमाचा उपाय चालत नाही. गणितात कच्चा असलेला विद्यार्थी दुप्पट अभ्यास करून पुढे जाऊ शकतो. परंतु रंगच न दिसणाऱ्या चित्रकाराने काय करावे?

विद्यार्थिमित्रांनो, ह्या क्षणी थोडे थांबा आणि त्या तरुणाच्या जागी स्वतःस ठेवून पाहा. वडिलांची इच्छा मोडून तो आला आहे. भावाचा पैसा खर्च झाला आहे. दोन वर्षे गेली आहेत. घरी परत जावे, तर निवड चुकली असे सारे म्हणणार. आमच्या समजुतीप्रमाणे लक्ष्मणरावांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे बीज ह्या प्रसंगात आहे. त्यांनी आपल्या दोन वर्षांच्या शिक्षणाकडे पाहिले आणि त्यातील काय गेले व काय उरले ह्याचा हिशेब केला. रंग गेले होते. रेषा उरली होती. हात स्थिर होता, माप अचूक होते, आणि यंत्रांची बालपणापासूनची आवड तशीच होती. त्यांनी रंगचित्रकला सोडली, परंतु यांत्रिक रेखांकन सोडले नाही.

यांत्रिक रेखांकन म्हणजे काय, हे आमच्या लहान वाचकांस ठाऊक नसेल. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, हे प्रत्येक मापासह कागदावर उतरविणे, म्हणजे यांत्रिक रेखांकन. ते चित्र पाहून लोहाराने अथवा ओतकाम करणाऱ्याने, चित्रकारास न विचारता, ती वस्तू जशीच्या तशी बनवावी, हा त्याचा हेतू. ह्या चित्रास रंगाची गरज नसते. आज जिला वस्तुरचना म्हणतात तिचाही पाया हाच आहे : वस्तू प्रत्यक्षात येण्यापूर्वी ती मनात पूर्ण पाहणे आणि कागदावर बिनचूक मांडणे.

ह्याच विद्येच्या बळावर त्यांस मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत यांत्रिक रेखांकनाच्या शिक्षकाची जागा मिळाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेस स्वतःची कर्मशाळा होती. लक्ष्मणराव शिक्षक म्हणून शिकवीत आणि उरलेल्या वेळी विद्यार्थ्यासारखे त्या कर्मशाळेत राबत. यंत्र उघडावे, त्याचे भाग निरखावे, पुन्हा जोडावे, बिघडलेले दुरुस्त करावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. त्यांस कोणी यंत्रविद्येची पदवी दिली नाही. परंतु अशा रीतीने त्यांनी तिचे शिक्षण स्वतःच पुरे करून घेतले.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. १८८८ मध्ये दोघा बंधूंनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या विकाव्या, इतकेच नव्हे तर घेणाऱ्यास त्यावर बसावयासही शिकवावे, अशी कामाची वाटणी होती. किर्लोस्कर बंधू हे नाव ह्या दुकानापासून सुरू झाले. पुढे तंत्रशिक्षणसंस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून दुसऱ्यास वरची जागा देण्यात आली. राज्यकर्त्यांच्या जातीचा वरचष्मा असलेल्या त्या काळात हा अनुभव अनेकांस येत असे. बहुतेक जण तो मुकाट्याने गिळत. लक्ष्मणरावांनी पगाराची नोकरी सोडली आणि ते बेळगावास भावाजवळ आले.

येथून त्यांच्या आयुष्याचा खरा उद्योगपर्व सुरू होतो. सायकल परदेशी होती. ती विकून आपण केवळ दुकानदार राहू, हे त्यांस कळत होते. आपल्या भोवतालच्या माणसांस कशाची गरज आहे? भोवताली शेतकरी होता. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला. आपला पूर्वापारचा लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. हरळीसारख्या चिवट गवताची मुळे खालीच राहतात. वळणदार पात्याचा लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी पाडतो. असे नांगर तेव्हा विलायतेहून येत. लक्ष्मणरावांनी ते अभ्यासिले आणि आपली जमीन, आपले बैल व आपल्या शेतकऱ्याची ऐपत ध्यानी घेऊन देशी लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण तो घेईना कोणी! लोखंडी नांगराने जमीन नासते, विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पसरला होता. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. ह्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांस अडाणी म्हणून दूषणे दिली नाहीत. ज्याचे पोट एका पिकावर अवलंबून आहे, तो नव्या वस्तूस भिणारच, ही गोष्ट ते ओळखून होते. वापरणाऱ्याची भीती समजून घेणे हाही वस्तू बनविणाऱ्याच्या विद्येचाच भाग आहे. चांगली वस्तू बनविली म्हणजे काम संपले, असे मानणारे पुष्कळ असतात. ज्याच्या हातात ती द्यावयाची त्याचे मन वाचणारा विरळा.

नांगरास मागणी येऊ लागली तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी त्यांच्या कारखान्याची जागा रिकामी करावयास सांगितली. उभा केलेला पसारा कोठे न्यावा? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचे स्नेही होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे. जमीन ओसाड होती; निवडुंगाची रानेच्या राने माजलेली, सापांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. १० मार्च १९१० रोजी ह्या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढाच तेव्हाचा संसार. निवडुंग तोडून त्यांनी आधी जागा मोकळी केली आणि मग कारखाना व घरे उभारली.

ह्या नव्या गावाच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी आम्ही कल्याणच्या त्या मुलीस हे चरित्र मुद्दाम सांगितले. माळावरचे एकाकी गाव. चोरा-दरोडेखोरांचे भय मोठे. रात्रीच्या पहाऱ्यासाठी माणसे हवी होती. लक्ष्मणरावांनी हे काम ज्यांस दिले, त्यांत दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे होती. कारखाना, कामगारांची घरे, बायकामुले ही सर्व त्यांच्या हवाली करण्यात आली; आणि त्या माणसांनी आपल्यावरील विश्वास खरा करून दाखविला. किर्लोस्करवाडीचे विश्वासू राखणदार म्हणूनच त्यांची नावे मागे राहिली.

ही गोष्ट ज्या काळात घडली तो काळही ध्यानात घ्यावा. सरकारने १८७१ मध्ये एक कायदा करून कित्येक जमाती सरसकट गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्या जमातीत जन्मलेले अर्भकही जन्मतःच गुन्हेगार गणले जाई, आणि मोठ्या माणसांस पोलिसांकडे वेळोवेळी हजेरी द्यावी लागे. हा कायदा देशातून १९५२ मध्ये पुरता रद्द झाला. मनुष्य गुन्हेगार म्हणून जन्मतो, ह्या कल्पनेवर तो कायदा उभा होता. किर्लोस्करवाडीच्या पहारेकऱ्यांनी ती कल्पना आपल्या वागण्याने खोटी पाडली. गुन्हा का घडतो, शिक्षेने माणूस बदलतो की नाही, आणि सुटून आलेल्यास समाजाने पुन्हा जागा कशी द्यावी, हेच तर गुन्हेगारीशास्त्राचे प्रश्न आहेत.

ह्याच औंध संस्थानात पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या अभियंत्याचे तीत पुढाकाराचे काम होते. तेथे कैद्यांस भिंतींत न कोंडता मोकळ्या रानात शेती करावयास ठेवीत. त्या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ मध्ये दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला. किर्लोस्करवाडीचा पहारा आणि स्वतंत्रपूर हे दोन निरनिराळे प्रयत्न होत. त्यांची सांगड आम्ही ओढूनताणून घालीत नाही. परंतु एकाच लहानशा संस्थानात, चुकलेल्या माणसावर विश्वास टाकण्याचे धैर्य दोनदा दिसावे, ही गोष्ट चिंतन करण्याजोगी आहे खरी.

लक्ष्मणरावांच्या उद्योगाचा पुढील विस्तार सर्वश्रुत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड आणि कोळसा ह्यांची टंचाई सोसून कारखाना टिकला. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून एक मासिक निघू लागले, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते व पुढे निघालेले स्त्री मासिक महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. नांगरामागून उसाचे चरक आले, पाण्याचे पंप आले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत यंत्रविद्या शिकून १९२६ मध्ये परत आले आणि वडिलांच्या हाताखाली कामास लागले. ज्या पित्यास स्वतः पदवी मिळाली नव्हती, त्याने पुत्रास जगातील उत्तम विद्यापीठांपैकी एकात धाडले, ह्यावरून शाळेतील विद्येविषयी त्यांच्या मनात तिरस्कार नव्हता हे उघड आहे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या जन्मशताब्दीस, म्हणजे १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. योगायोग असा, की त्याच वर्षी आमच्या ठाण्यापासून जवळच, पवईच्या तंत्रविद्यासंस्थेत औद्योगिक रचनेचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. लक्ष्मणरावांनी जी विद्या कर्मशाळेत एकट्याने वेचली, ती आता तेथे रीतसर शिकता येते.

आता ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे?

विद्यार्थिमित्रांनो, लक्ष्मणराव शाळेत रमले नाहीत, हे वाचून कोणी अभ्यास सोडून देण्याचे समर्थन शोधील, तर तो त्यांच्या चरित्राचा विपर्यास होईल. त्यांच्याएवढे परिश्रम करणारे विद्यार्थी थोडेच सापडतील. त्यांनी पुस्तक टाळले असेल. परंतु कष्ट कधीच टाळले नाहीत. विषय निवडताना त्याच्या नावाच्या नवलाईवर जाऊ नका. वस्तुरचना म्हणजे केवळ सुंदर चित्रे नव्हेत. तीत माप आहे, पदार्थांचे ज्ञान आहे, आणि दोन वर्षे न विकला जाणारा नांगर पुन्हा पुन्हा शेतावर नेण्याची चिकाटी आहे. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे गुप्तपोलिसांच्या कादंबऱ्या नव्हेत. तीत मानसशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, कायदा आहे, आणि ज्याच्याकडे पाहावयासही लोक कचरतात त्याचे म्हणणे शांतपणे ऐकण्याचा अभ्यास आहे. विषयाच्या ह्या रुक्ष बाजूवरही ज्याचे मन बसते, त्याने तो निःशंकपणे घ्यावा. आणि दैवयोगाने तो विषय पुढे सोडावा लागला, तर सर्वच बुडाले असे समजू नये. काय गेले आणि काय उरले, ह्याचा हिशेब करावा.

पालकहो, आपणांस आमची विनंती आणखी वेगळी आहे. काशिनाथपंतांचा विरोध हा मुलाच्या अकल्याणासाठी नव्हता. त्या काळी चित्रकलेवर पोट भरेल ह्याची शाश्वती कोण देणार? आणि पुढे रंगांधत्व उघड झाले, तेव्हा त्यांची शंका एका अर्थी खरीच ठरली. आपली काळजीही तशीच रास्त आहे. फी किती, पुढे प्रवेश कोठे, पोटापाण्याचे काय, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि त्यांची उत्तरे प्रवेशापूर्वी संस्थेकडून समजून घेतलीच पाहिजेत. परंतु त्याबरोबर घरात एक रामूअण्णाही असावा. रामूअण्णांनी भावास पैसे दिले ते तर थोरच. त्याहून थोर हे, की भावाची पहिली निवड फसल्यावरही त्यांनी त्याचा हात सोडला नाही. पुढची दुकानदारी त्यांनी त्याच भावाबरोबर मांडली. मुलाने चुकूच नये असा बंदोबस्त कोणासही करता येत नाही. चुकल्यावर त्यास घरी यावयास लाज वाटू नये, एवढे मात्र आपल्या हाती असते.

डोंबिवलीच्या त्या मुलाने शास्त्रशाखा घेतली आहे आणि त्याबरोबर रेखांकनाचा सराव चालविला आहे. त्याच्या वडिलांनी आपल्या कारखान्यातील एक जुनी झडप त्यास उघडून पाहावयास आणून दिली, असे आमच्या कानी आले. कल्याणच्या मुलीने कलाशाखेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्र घेतले. गुन्हेगारीशास्त्राचा निर्णय बारावीनंतर आईच्या संमतीने करावयाचा, असे मायलेकींनी ठरविले आहे. दोघांपैकी कोणाचे पाऊल योग्य ठरेल, हे आम्ही आज सांगू शकत नाही. त्या दोघांस, आणि यंदा शाळा सोडून जाणाऱ्या आमच्या सर्व विद्यार्थ्यांस, लक्ष्मणरावांची चिकाटी आणि एखादा रामूअण्णा लाभो, एवढेच इच्छून हा लेख पुरा करतो.